मी येतो

नथ्थूचं नाव साहेबांच्या कागदावर चढलं ते वच्छलाच्या आवाजामुळे, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि आठ दिवसांत त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता.

झालं होतं असं. शेतकीसाहेब सोमाजीच्या ओसरीवर बसून भाताच्या जपानी पद्धतीची माहिती देत होते. अंगणात दोरी ताणून, तुरीच्या वाळक्या तुऱ्हाट्यांचे तुकडे जमिनीत खुपसून त्यांनी ओळीतला रोवणा, म्हणजे भाताची लावणी, कशी असते तेही दाखवलं. गावातले गडी माना डोलवत होते. बाया आत, दाराच्या फटीशी. शेवटी साहेब म्हणाले, चांद्याला सहा आठवड्यांचं शिक्षण आहे, शिकून आलेल्यानं दहा गावांत फिरून पद्धत दाखवायची, सरकार महिन्याचा पगार देईल. तर या घरातून कोण येतो? ओसरीवरचे गडी एकमेकांकडे पाहू लागले. आणि दाराआडून भरदार आवाज आला, "मी येतो."

आमच्याकडे बाई असो की बुवा, दोघंही 'येतो'च म्हणतात आणि 'जातो'च म्हणतात. 'येते' म्हणणारी बाई आमच्या झाडीपट्टीत तेव्हा शोधून सापडली नसती. साहेब पुण्याकडचे, त्यांना हे कोण सांगणार? शिवाय वच्छलाचा आवाज लहानपणापासून जाडा. दारापाशी तिचा भाऊ नथ्थू उभा होता, तोंडात पानाचा तोबरा. साहेबांनी त्याच्याकडे पाहून "शाब्बास" म्हटलं आणि नाव विचारलं. थोरला भाऊ सोमाजी यानं घाईघाईनं पुढे होऊन "नथ्थू" सांगून टाकलं. तोबरा थुंकून येईपर्यंत नथ्थू सरकारी कागदावर जाऊन बसला होता.

आता चांद्याला जायच्या आधी, त्याच कागदाप्रमाणे सडकेलगतच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, रोवणा करून दाखवायचा दिवस उजाडला. तीन वाजता चांद्याचे मोठे साहेब जीपनं पाहायला येणार होते.

सकाळी वच्छला आणि तिची वहिनी, सोमाजीची बायको रुखमाबाई पऱ्हे उपटत होत्या. भाताची ती कोवळी रोपं मुळांचा चिखल धुऊन पेंढ्यांत बांधायची आणि बांधीत पोचवायची, एवढंच काम आज बायांच्या वाट्याला होतं.

"पेंढ्या लहान बांधून राह्यली तू," रुखमाबाई म्हणाली.

"जपानी आहेत. एका जागी दोन-तीनच काड्या लावा लागतेत. मूठमूठ नाई कोंबाची."

"तुले कोणं सांगितलं?"

"साहेबानं."

"तुले?"

"दाराच्या फटीले."

रुखमाबाई हसली. मग हसणं आवरून म्हणाली, "फटीचं पुरे झालं. दुपारी चिमूरचे दादाजी येऊन राह्यले. धुतलेलं लुगडं नेस. अन् पाव्हण्यासमोर तोंडाले तोंड नको देऊ."

वच्छलाचा हात थांबला. तिचा नवरा जाऊन पाच वर्षं झाली होती. पाच वर्षं ती माहेरीच होती. दादाजी बिजवर, दोन हाताशी आलेली पोरं, बारा बांध्या, स्वभावानं गरीब. सोमाजीनं त्यांना माघात पाट लावून देण्याचा जवळजवळ शब्द दिला होता. जवळजवळ म्हणजे, आज बाई पाहून घ्या आणि काय ते सांगा, इतका.

"वैनी, मले चांद्याले जाचं आहे."

"नाव नथ्थूचं आहे."

"आवाज माझा होता."

"आवाजावर सरकार पगार देत नाई, वच्छला."

"मंग दादाले सांग ना तू. तू सांगितलं तं आयकते ते."

रुखमाबाईनं पेंढी आपटून मुळं साफ केली. वच्छलाला तिनं सात वर्षांची असल्यापासून वाढवलेलं. तिला ही पोरगी जड झाली नव्हती. पण उद्या लेकाची बायको येईल, सुनेची चूल होईल, तेव्हा चाळिशीतली नणंद त्या घरात कोणत्या कोपऱ्यात बसणार, हा विचार तिची झोप खात होता. पाट लागला की कोपरा तरी हक्काचा.

"मी तुहं वाईट नाई पाहून राह्यलो," ती म्हणाली.

"ते मले माहीत आहे," वच्छला म्हणाली. "म्हणूनच तं भांडता येत नाई."

मग दोघींनी मिळून टोपली भरली.

* * *

तिकडे नथ्थू थोरल्या भावाच्या मागे मागे धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, चालला होता आणि मनातल्या मनात वाक्यं जुळवत होता. त्यानं वच्छलाला कालच विहिरीवर छातीवर हात मारून सांगितलं होतं, "मी दादाले सांगतो, तू चिंता नको करू." विहिरीपासून दादापर्यंतचं अंतर असं कितीसं, पण तेवढ्यात त्याची छाती नेहमी निम्मी व्हायची.

खरं पाहिलं तर चांद्याला न जाण्यात सगळ्यात मोठा फायदा त्याचाच होता. बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली, दिवस भरत आलेले. शिवाय वडशाच्या नाटकमंडळीनं यंदाच्या हिवाळ्यात त्याला पेटी वाजवायला बोलावलं होतं. रोवण्याचं म्हणाल तर जन्मात त्यानं एक काडी रोवली नव्हती. त्यानंच काय, गावातल्या कोणत्याच गड्यानं नाही. नांगर गड्याचा, चिखलणी गड्याची, आणि रोवणा बायांचा. बाईनं नांगराला हात लावायचा नाही आणि गड्यानं पऱ्हाला, हे कोणी ठरवलं होतं ते कोणाला माहीत नव्हतं, पण मोडायची कोणाची छाती नव्हती.

"दादा," नथ्थूनं सुरुवात केली.

"काय?"

"मी म्हणतो, साहेबाले खरं सांगून टाकलं तं?"

"काय खरं?"

"का ते वच्छला बोलली होती म्हणून."

सोमाजी थांबला नाही, फक्त पावलं जोरात पडू लागली. "बाईमाणसाच्या नावानं सरकार कागद करते का? चांद्याले एकटी राहीन? दहा गावं फिरन? गाव हासन आपल्याले."

"मी चांद्याले गेलो तं गाव रडन का?"

"अन् दादाजीले काय सांगू? माघ मोडू?"

"नाई, तसं नाई म्हणत मी," नथ्थू म्हणाला, आणि विहिरीवरचा शब्द तिथेच धुऱ्यावर ठेवून पुढे चालू लागला.

सोमाजी वाईट माणूस नव्हता. पण घराचा कर्ता होता, आणि कर्त्या माणसाला हो म्हणायला फार वेळ लागतो, नाही मात्र तोंडात तयारच असतं.

* * *

बांधी आरशासारखी तयार होती. त्यात सोमाजीची चिखलणी, तिला नावं ठेवायला जागा नव्हती. वीत वीत अंतरावर लाल चिंध्या बांधलेली दोरी साहेबांनी आडवी ताणली आणि कागद वाचून दाखवला: प्रात्यक्षिक नोंदलेल्या शेतकऱ्यांनीच करावे. नोंदलेले शेतकरी पाच होते: सोमाजी, नथ्थू, वारलू आणि आणखी दोघे. धोतरं वर खोचून ते चिखलात उतरले. धुऱ्यावर पंधरा-वीस बाया पेंढ्यांच्या टोपल्यांशेजारी बसल्या. आखाडात बसायला मिळणं ही त्यांच्या आयुष्यातली नवीनच गोष्ट होती, आणि ती त्यांना फार आवडलेली दिसत होती.

पहिली ओळ लागली. गडी कंबरा धरून उभे राहिले. सोमाजीनं मागे वळून मोठ्या समाधानानं पाहिलं, आणि त्याच्या डोळ्यांदेखत ओळीतली पहिली काडी हलली, आडवी झाली आणि पाण्यावर तरंगत वारलूच्या पिंढरीला जाऊन लागली. मग दुसरी. मग एकदम आठ-दहा.

"वारा आहे," वारलू म्हणाला.

वारा अजिबात नव्हता. अंगणात कोरड्या मातीत तुऱ्हाटी खुपसली की उभी राहते. चिखलात पऱ्हं खुपसून भागत नाही, अंगठ्यानं मूळ खाली नेऊन बोटांनी चिखल मिटवावा लागतो, नाहीतर हात निघाला की काडीही निघते. हे साहेबांनी शिकवलं नव्हतं, कारण त्यांच्या पुस्तकात नव्हतं. आणि धुऱ्यावरच्या कोणत्याही बाईनं सांगितलं असतं, पण विचारलं कोणी?

दुसरी ओळ लावताना नथ्थू पुढे पुढे चालत गेला, त्यामुळे लावलेलं सगळं त्याच्याच पायाखाली आलं. धुऱ्यावरून हसण्याची लाट आली.

"मागं सरकत सरकत लावतेत जी ते," वच्छला न राहवून म्हणाली.

"तू चूप," सोमाजी चिखलातून म्हणाला. वाकलेल्या माणसाच्या आवाजात म्हणावा तसा धाक राहत नाही.

एवढ्यात सडकेवरून छत्री टेकत दादाजी आले. सोमाजीला गुडघाभर चिखलात पऱ्हं धरून उभा पाहून त्यांनी आधी साहेबांकडे आणि मग परत त्याच्याकडे पाहिलं. "राम राम," ते म्हणाले. सोमाजीनं चिखलाचा हात वर केला. रुखमाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला, पाव्हण्यांना धुऱ्यावर बसायला पोतं टाकलं, लोट्यातून पाणी दिलं आणि नजरेनंच वच्छला दाखवली. धुतलेलं लुगडं तिनं नेसलं नव्हतंच. ती एकटीच धुऱ्याच्या कडेला वाकून, सवयीनं, जवळच्या उपटलेल्या काड्या परत लावत होती. एक, दोन, तीन. तिनं लावलेली एकही काडी हलत नव्हती.

दादाजींनी पुष्कळ वेळ पाहिलं. पाहिलं म्हणजे तिच्या बोटांकडे.

"हात साजरा आहे वो बाई," ते रुखमाबाईला म्हणाले, अगदी मनापासून. "माझ्याकडं बारा बांध्या आहेत. बायाच भेटत नाई आजकाल रोवण्याले. बरं होईन."

रुखमाबाईनं लोटा खाली ठेवला.

तीस वर्षांपूर्वी तिचा सासरा असाच तिच्या बापाच्या धुऱ्यावर येऊन उभा राहिला होता. "पोरीचा हात चांगला आहे, आमच्याकडे अठरा बांध्या आहेत," एवढं म्हणून त्यानं सुपारी फोडली होती. तिच्या तोंडाकडे त्यानं पाहिलंही नव्हतं. ही गोष्ट घरात कौतुकाची म्हणून सांगितली जायची आणि तीही कौतुकानंच ऐकायची. आज तेच बोलणं दुसऱ्याच्या तोंडून, दुसऱ्या पोरीबद्दल ऐकलं, आणि तिला एकदम राग आला. दादाजींचा नाही, त्या भल्या माणसाला काय कळतंय. तीस वर्षं हे कौतुक समजून बसलेल्या स्वतःचाच आला.

ती उठून वच्छलाशेजारी जाऊन बसली.

"चांद्याले राहशील कुठी?" तिनं हळूच विचारलं.

वच्छलानं चमकून पाहिलं. "बुधरी मावशी आहे ना तिथी. तिच्या घरी."

"सहा हप्ते?"

"सहा हप्ते."

"बरं," रुखमाबाई म्हणाली. बस, एवढंच.

* * *

दोन वाजले. बांधीत दीड ओळ उभी होती, बाकीची पाण्यावर पोहत होती. साहेबांचा चेहरा उतरला होता. कोवळं वय, पहिलीच नोकरी, आणि तासाभरात मोठे साहेब येणार.

"सोमाजीराव," ते धुऱ्यावर येऊन म्हणाले, "बायांना उतरवा. कागदाचं मी पाहून घेतो."

सोमाजी याचीच वाट पाहत होता. त्याची कंबर वेगळी काढून ठेवण्याच्या अवस्थेत आली होती. "आयकलं का वो, मंगलीची माय," त्यानं बायकोला हाक दिली, "उतरा सगळ्या."

एकही बाई हलली नाही. सगळ्या रुखमाबाईकडे पाहत होत्या, कारण गावाच्या रोवण्याची पुढारीण तीच होती. ती उतरल्याशिवाय कोणी चिखलाला पाय लावत नसे.

"आमी कशा उतरू जी?" रुखमाबाई शांतपणे म्हणाली. "आमाले शिकवलं कुठी? शिकवलं तुमाले. नाव तुमचं. आमाले तं जपानी येत नाई."

"वैनी," नथ्थू चिखलातून म्हणाला, "मी पाया पडतो, पण उतर."

"साहेब," रुखमाबाईनं त्याच्याकडे लक्ष न देता विचारलं, "तिकडे जपानात रोवणा कोण करते? गडी का बाया?"

साहेबांच्या पिशवीत चित्राचा तक्ता होता. त्यांनी तो उलगडून स्वतःच पाहिला. मोठमोठ्या टोप्या घातलेली माणसं वाकून रोवत होती. साहेबांनी तक्ता डोळ्यांजवळ नेला, दूर नेला, आणि त्यांचे कान लाल झाले.

"बाया दिसताहेत," ते म्हणाले.

"मंग शिकाले गडी काऊन बोलावले?"

साहेबांनी तक्ता गुंडाळून पिशवीत घातला. याचं उत्तर सबंध देशात त्या वर्षी कोणाकडेच नसावं.

"अन् आणखी एक," रुखमाबाई म्हणाली. "त्या दिवशी ओसरीवर तुमाले 'मी येतो' म्हणणारा माणूस कोण होता, ठाव आहे?"

"मंगलीची माय," सोमाजी म्हणाला.

"नथ्थू ना?" साहेब म्हणाले.

"मी नाई जी," नथ्थू म्हणाला. सांगायचं ते अखेर तोंडातून निघालं, तेही इतक्या सहज, की त्याचं त्यालाच नवल वाटलं. "माझ्या तोंडात तं पान होतं. ते वच्छला बोलली होती. आमच्याकडं बायाबी येतोच म्हणतेत."

साहेब वच्छलाकडे वळले. "तुम्ही? तुम्ही म्हणालात, मी येतो?"

"हो जी," वच्छला म्हणाली. "अन् आताबी तेच म्हणतो."

रुखमाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. आवाज न चढवता, सगळ्यांसमोर, ती त्याला म्हणाली, "हिचं नाव लिहू द्या. मंग उतरतो आमी."

"पाव्हणे बसले आहेत," सोमाजी दातओठ खात पुटपुटला.

"बसू द्या. पोतं टाकलं आहे मी."

सोमाजीनं बांधीकडे पाहिलं, सडकेकडे पाहिलं, दादाजींकडे पाहायचं टाळलं. "लिहा," तो म्हणाला. त्याच्या मनात मात्र होतं, की मोठे साहेब येऊन गेले की पाहू. कागद काय, फाडता येतो.

साहेबांनी नथ्थूच्या नावावर रेघ मारली. रुखमाबाईनं पदर कमरेला खोचला आणि ती चिखलात उतरली, तिच्यामागे पंधरा-वीस बाया. वच्छलानं दोरीचं एक टोक नथ्थूकडे दिलं, दुसरं कोणाकडे द्यावं म्हणून इकडेतिकडे पाहिलं आणि सरळ थोरल्या भावाच्या हातात दिलं.

"दादा, ताणून धरा. मी म्हटल्यावर एक वीत मागं घ्या."

"मी?"

"बाया रोवून राह्यल्या. मंग दोरी कोण धरन?"

पहिल्या दोन ओळी जरा अडखळत गेल्या. जन्मभर मूठमूठ लावणारे हात दोन-तीन काड्यांवर थांबेनात. वच्छला ओळीच्या पुढे-मागे फिरत सांगत होती, चार काड्या दिसल्या की एक काढून घेत होती. तिसऱ्या ओळीला तिनं गाणं उचललं आणि मग बाया अशा मागे सरकू लागल्या, की दोरी मागे घेता घेता सोमाजीची धांदल उडाली. "दादा, वाकडी झाली," ती गाण्याच्या मधेच म्हणायची, आणि तो मुकाट्यानं सरळ करायचा. पंचवीस-तीस ओळी झाल्यावर त्याचं लक्ष गेलं, की आपण तिचं ऐकतोय आणि आपल्याला त्याचं काही वाटत नाहीये. त्याला वाटत होतं ते वेगळंच. ही दोरी हातात येईपर्यंत आपल्या बहिणीला काय काय येतं हे आपण एकदाही पाहिलं नाही, याची त्याला लाज वाटली.

जीप आली तेव्हा अर्धी बांधी हिरव्या रेघांनी भरली होती. मोठे साहेब धुऱ्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत ओळी पाहत गेले. धाकट्या साहेबांनी कागद पुढे केला. मोठ्या साहेबांनी तो वाचला, परत वाचला.

"बाई पाठवायला नियमात ना नाही," ते म्हणाले. "आजवर कोणी पाठवली नाही एवढंच. पण घरच्या कर्त्या माणसाची संमती लागेल. कर्ते कोण?"

सगळ्या बाया वाकलेल्या होत्या, त्या तशाच वाकलेल्या राहिल्या, पण एकीचाही हात चालत नव्हता. वच्छला चिखलात सरळ उभी होती. आता 'नाही' म्हणणं सोमाजीला अगदी सोपं होतं. अर्धी बांधी लागली होती, मोठ्या साहेबांनी पाहून झालं होतं, आणि दादाजी छत्रीवर हनुवटी ठेवून त्याच्याच तोंडाकडे पाहत होते. रुखमाबाईनं डोळे मिटून घेतले.

"कर्ता मी आहो," सोमाजी म्हणाला. "पाठवतो मी तिले."

दादाजी पोत्यावरून उठले. त्यांना वाईट वाटलेलं दिसत होतं, पण भांडायचा त्यांचा पिंड नव्हता. "मंग माघाचं काय समजू मी, सोमाजीभाऊ?"

"माघाचं राहू द्या," सोमाजी म्हणाला. "पण पुढच्या आखाडात वच्छला येईन तुमच्या गावाले. शिकवाले. बारा बांध्या तयार ठेवजा." आणि तळहातावर उठलेले दोरीचे वळ पाहत तो म्हणाला, "अन् तुमच्या दोन्ही पोरायले दोरी धराची सवय लावून ठेवा. वाकडी धरली तं लय बोलते ते."